तांदळाला सोंडे झाले तरी हात सुटत नाही

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मिस्टर कुपवाडला एमआयडीसीत कामाला आहेत, तीन महिने झाले ओव्हरटाइम बंद आहे त्यामुळं नुसता पगार हातात येतो, तरी चाललंय, उपाशी कुणी नाही. पण २०१९ च्या पुरापासून मला एक भीतीच बसलीये. तेव्हा घरात छातीएवढं पाणी होतं, पिठाचा डबा, धान्याची कोठी सगळं गेलं, चार दिवस शाळेत काढले, जतकडनं टेम्पोतनं भाकऱ्या आल्या त्या खाल्ल्या. आता मी दिसेल ते भरून ठेवते. पलंगाखालच्या २५ किलो तांदळाला सोंडे झाले तरी नणंदेनं मागितले तेव्हा नाहीत म्हणाले. रात्री उठून पाकिटातले पैसे मोजते. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा, तो बंद केलाय. नणंद म्हणते तुझा विश्वासच नाही, एफडी मोड आणि देवाला देऊन टाक मग बघ कसं दुप्पट येतंय. खरंच माझा विश्वास नाही का? एफडी मोडू का?
– एक बहीण, सांगली

उत्तर : अगं पोरी, पहिलं एफडीचं सांगते, मोडू नकोस. कुणी कितीही प्रार्थना करून सांगितलं तरी नाही. देवाला दिलं की दुप्पट येतं ही भिशी झाली, भरवसा नव्हे, आणि हल्ली स्टेजवरनं असलं शिकवणारे बरेच झालेत त्याचं मला फार वाईट वाटतं कारण त्यात तुझ्यासारख्या घाबरलेल्या बायकाच आधी सापडतात. बायबलात बघ, मिसरात, म्हणजे इजिप्तात, योसेफानं पुढच्या दुष्काळासाठी सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात भरला, तो काय अविश्वास होता का? देवानंच दाखवलं होतं त्याला. पोरांची फी, औषधपाणी, दोनतीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं हे शहाणपणच आहे.

पण तांदळाचं तू जे लिहिलंयस ना, तिथं मी थांबले, परत परत वाचलं.

बायबलातला निर्गमाचा सोळावा अध्याय काढून बस आज रात्री. मिसरातनं सुटलेल्या इस्राएली लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवानं आभाळातनं दिलेलं अन्न, पडायचा तेव्हा दरमाणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे आपल्या मापानं साधारण दोन लिटर, आणि सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही असं सांगितलेलं. काहींनी ठेवलाच. का ठेवला असेल? मिसरात पिढ्यान् पिढ्या गुलामी केलेली माणसं ती, उद्या मिळेल याची सवयच नव्हती त्यांना, तुझ्या पुरासारखंच. त्यात किडे पडले, घाण वास सुटला. आणि आता पुढचं बघ, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवायला देवानंच सांगितलं तेव्हा तोच मान्ना दुसऱ्या दिवशी चांगलाच्या चांगला राहिला! म्हणजे साठवण्यावर देवाचा राग नाहीये गं. देवाचं ऐकून ठेवलेलं टिकलं, भीतीपोटी ठेवलेलं नासलं. तुझी एफडी पहिल्यातली आहे, पलंगाखालचं पोतं दुसऱ्यातलं.

हे मी वरनं बोलत नाहीये. आमच्या ह्यांचा पगार एकदा सात महिने अडकला होता, तेव्हा साताऱ्यात भाड्यानं राहायचो. मी हळदीच्या डब्यात, हळदीच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत नोटा ठेवायचे, ह्यांनाही माहीत नव्हतं. शेजारची पोरीच्या परीक्षेच्या फीला पन्नास रुपये मागायला आली आणि मी तिच्या डोळ्याकडं न बघता नाहीत म्हणलं. पुढं पगार सुरू झाला, डबा काढला तर पिशवीला भोक होतं, सगळ्या नोटा पिवळ्याधमक झालेल्या. बोटं पण पिवळी झाली माझी. तशीच ओट्याशी बसून रडले. पैसे गेले नव्हते, एकही नोट गेली नव्हती, पण ती पोरगी त्या वर्षी परीक्षेला बसली का नाही हे मी कधी विचारूच शकले नाही.

विश्वास नाही का म्हणून विचारतेस. आहे. नसता तर एवढं लागलं नसतं तुला. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि इथं साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, देवावर हवाला ठेवून, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना घर चालवायचं होतं. टिळक हातातलं देऊन टाकायचे आणि यांचा जीव वरखाली व्हायचा हे त्यांनी किती मोकळेपणी लिहून ठेवलंय. त्यांना कुणी अविश्वासी म्हणेल का? चूल जिच्या हातात असते तिला धाकधूक होतेच.

आणि पुराचं म्हणशील तर आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं, ते तू विसरावंस असं मी म्हणणारच नाही. पण त्या टेम्पोतल्या भाकऱ्याही तूच लिहिल्यास ना, ओघात, एका ओळीत! जत म्हणजे दुष्काळी तालुका, जिथं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघतात तिथल्या बायकांनी तुमच्यासाठी पीठ मळलं. त्यांच्या कोठ्या काय भरलेल्या असतील? ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असं आपण म्हणतो, त्यातली आजची भाकर त्या दिवशी कुणाच्यातरी तव्यावरनं तुझ्यापर्यंत आली. प्रभूनं ‘आमची’ म्हणायला शिकवलंय, त्यात देणारीही आली आणि घेणारीही.

तर असं कर. मिस्टरांजवळ बस आणि हे मोजायचं वगैरे सगळं त्यांना सांग, एकटीनं वागवू नकोस. वहीत लिहून काढा की घराला खरंच किती लागतं, किती बाजूला ठेवायचं. आकडा ठरला की त्याच्या वरचं मोकळं. दशमांश एकदम नाही जमला तर जेवढं भीत भीत सुटेल तेवढं दे, लाज नको वाटून घेऊस, दुष्काळात एलीया संदेष्ट्याला भाकर करून देणाऱ्या सारफथच्या विधवेकडं तरी काय होतं, मूठभर पीठ. आणि तिचं मडकं काही काठोकाठ भरलं नाही, फक्त रिकामं झालं नाही, हे नीट वाच. रात्री जाग आली की पाकीट न उघडता तेविसावं स्तोत्र मोठ्यानं म्हण. तरी महिनाभरात झोप लागेना तर डॉक्टरांना दाखव, मिरज जवळच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

नणंदेवर रागवू नकोस. तिला तांदूळ दे. आधी सावलीत पसरून चाळून घे, कडक उन्हात घालू नकोस, कण्या पडतात, आणि उरलेल्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकून ठेव.