काकूंच्या पाकिटावर काय लिहावं?

एका वाचकाने विचारलं आहे: "मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, पाकिटांवर नावं घालायला बसलो आहे. काका दीड वर्षापूर्वी गेले. काकूंच्या नावाआधी 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही. 'श्रीमती' लिहिलं तर चालेल का? शिवाय नावापुढे 'यांस' लिहावं की 'यांना'? आणि 'सहकुटुंब सहपरिवार' म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं नाही का?"

आधी काकूंचं. 'श्रीमती' शंभर टक्के बरोबर आहे. संस्कृतात 'श्रीमत्' म्हणजे ज्याच्यापाशी श्री आहे तो, आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप 'श्रीमती'. श्री म्हणजे शोभा, वैभव, तेज. या शब्दात नवरा कुठेच नाही, असलेलाही नाही आणि गेलेलाही नाही. तरी मराठी घरांत या शब्दाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तुम्ही अडलात. नवरा हयात असलेल्या बाईंना 'श्रीमती' लिहून पाहा, त्यांच्या घरचं कुणीतरी लगेच फोन करून विचारतं, "हे काय लिहिलंत?" हिंदीत आणि गुजरातीत 'श्रीमती' सर्रास विवाहितेला लागतं, त्यामुळे इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत या शब्दाचं कुणाला फारसं वावडं नसतं. आपल्याकडे विवाहितेची जागा 'सौ.'ने एवढी घट्ट धरून ठेवली की 'श्रीमती'च्या वाट्याला उरलेल्या आल्या: विधवा, अविवाहित, घटस्फोटित. शब्द चांगला, पण 'सौ. नसलेली' हा अर्थ त्याला चिकटून बसला. तो सोडवायचा तर एकच मार्ग दिसतो, सगळ्याच बायकांच्या नावाआधी 'श्रीमती' लिहायचं. पाकिटांच्या संपूर्ण गठ्ठ्यात एकट्या काकू 'श्रीमती' आणि बाकी सगळ्या 'सौ.' असतील, तर शब्द बदलूनही वागणूक तीच राहते.

'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. गंगेसारखी पवित्र, असा त्याचा मूळ भाव, आणि जुन्या पत्रांतल्या मायन्यांच्या रांगेत तो शोभतोही. पुरुषाला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', सुवासिनीला 'वज्रचुडेमंडित', पतिनिधनानंतर गंगेची उपमा. अहिल्याबाई होळकरांना 'गंगाजळनिर्मळ' म्हणतात, तो आदर खराच आहे. गुजरातीतही विधवेच्या नावाआधी 'गं. स्व.', म्हणजे गंगास्वरूप, लिहायची रीत आहे. पण या रांगेत एक गोष्ट पाहा. पुरुषाचा मायना बायको गेल्यावर बदलत नाही. विधुरासाठी मराठीत दोन अक्षरांचं एकही संक्षेपरूप नाही. बाईचं मात्र नाव तेच, पत्ता तोच, आणि नावाआधीची दोन अक्षरं रातोरात बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरता येईल का, यासाठी प्रस्ताव तयार करायला सांगितलं, तेव्हा बायकांच्या संघटनांनी विरोध केला तो याच मुद्द्यावर. शब्द गोड असला तरी तो ओळख पटवून देण्यासाठीच आहे. मला ते म्हणणं पटतं.

आमच्या घरी पत्रिका लिहायला बसणं हा एक कार्यक्रमच असायचा. सतरंजीवर पाकिटांचा गठ्ठा, शेजारी वाटीत भिजवलेलं कुंकू आणि हळद, मामा वहीतून एकेक नाव वाचायचा, वडील शाईच्या पेनाने लिहायचे आणि आम्ही मुलं पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना बोट टेकवायचो. आत्याचं नाव आलं तेव्हा मामा थांबला. आत्याचे यजमान त्याच वर्षी गेले होते. वडिलांनी सवयीने 'सौ.' लिहून झालं होतं. त्यांनी ते खोडलं नाही. पाकीट बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि त्यावर नुसतं आत्याचं नाव लिहिलं, माहेरी हाक मारायचे ते, खाली 'हिस'. उपाधी नाही, आडनाव नाही. ते पाकीट आत्याने कपाटातल्या साडीखाली जपून ठेवलं होतं. पुढे आम्ही तिचं सामान आवरलं तेव्हा ते मिळालं. कोपऱ्यावरचं कुंकू तपकिरी झालं होतं, पण अक्षर स्वच्छ होतं.

म्हणून 'श्रीमती' बरोबर आहे हे सांगूनही तुम्हाला मी वेगळंच सुचवीन. घरातल्या माणसाला नातं लिहा. नात्यासारखी उपाधी नाही, आणि ते कुणाच्या जाण्याने बदलत नाही. पत्रलेखनाची जुनी रीत अशी की आई-वडिलांना 'तीर्थरूप' आणि त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. काकू दुसऱ्यात येतात. फक्त त्याचं 'ती. स्व.' करू नका. आज 'स्व.' दिसलं की लोक 'स्वर्गीय' वाचतात, आणि आधीच दुःखात असलेल्या घरी ते अक्षर जायला नको. शब्द पूर्ण लिहा. संक्षेप हवाच असेल तर 'ती.' पुरे, आणि त्यातली ती दीर्घ, कारण मूळ शब्द तीर्थ. 'ति.' लिहिलेलं फार दिसतं, ते चूक.

जोडप्यांच्या पाकिटांबद्दल जाता जाता: 'श्री. व सौ. अनंतराव' असं लिहिलं की 'सौ.' अनंतरावांना जाऊन चिकटते. 'सौ. व श्री. अनंतराव' ही जुनी चाल बरी. त्याहून बरं म्हणजे दोघांची नावं लिहावीत. बाईंचं नाव माहीत नसेल तर विचारून घ्यावं.

आता 'यांस'. '-स', '-ला', '-ना' हे सगळे द्वितीया-चतुर्थीचेच प्रत्यय. 'यांना' बोलण्यातलं, 'यांस' लिहिण्यातलं, दोन्ही शुद्ध. पाकिटावर मला 'यांस' आवडतं, कारण लिहिलेल्या आमंत्रणाचा तो सूर आहे. 'यांसी' जुन्या भाषेतलं, हल्ली उगाच भारदस्तपणासाठी येतं. पण जपायचा तो अनुस्वार. 'यांस' आदरार्थी अनेकवचन, 'यास' एकवचन. 'आरोपी नामे अमुक यास ताब्यात घेतले' हे आपण पोलिसांच्या कागदात वाचतो, तेच 'यास' घाईत पाकिटावर उतरतं आणि सासरेबुवांच्या हाती पडतं. एका टिंबाने आदर जातो. सगळी पाकिटं लिहून झाली की एकदा फक्त या टिंबासाठी चाळा.

'सहकुटुंब सहपरिवार' ही द्विरुक्ती वाटते, पण मुळात नाही. मागच्या पिढ्यांत 'कुटुंब' म्हणजे बायको. नवरा बायकोचं नाव घेत नसे, तो म्हणे, "आमचं कुटुंब माहेरी गेलंय." तेव्हा सहकुटुंब म्हणजे पत्नीसह आणि सहपरिवार म्हणजे भोवतीच्या सगळ्या गोतावळ्यासह. 'परिवार' शब्दाचा अर्थच भोवती असणारे लोक असा आहे. आज 'कुटुंबा'चा तो अर्थ पुसट झाल्यामुळे दोन्ही शब्द एकाच जागी आल्यासारखे वाटतात. पाकिटावर यातलं काय लिहिलं त्यावरून किती जणांनी यायचं हेही कळतं. नुसती जोडप्याची नावं असतील तर दोघांनी यावं, 'सहपरिवार' असेल तर घराला कुलूप लावून यावं. विदर्भ-मराठवाड्यात यासाठी फार सुंदर शब्द आहे: चूलबंद आवतण. त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, सगळे आमच्याकडे जेवायला. हे 'आवतण' म्हणजे 'आमंत्रण'च, बोलण्यात झिजून मऊ झालेलं.

काकूंच्या पाकिटावर 'सहकुटुंब' नको, 'सहपरिवार' पुरे. मुलगा, सून, नातवंडं सगळी त्यात आली. म्हणजे असं: 'तीर्थस्वरूप सुमनकाकू यांस, सहपरिवार', सुमनच्या जागी तुमच्या काकूंचं नाव.

आणि हे पाकीट टपालाने किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती धाडू नका. पत्रिका देताना घरच्या बाईला हळदकुंकू लावायची पद्धत आहे, आणि नेमक्या त्या क्षणी करंडा विधवेला टाळून पुढे जातो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. एका गावाला जे जमलं ते एका घराला जमायला हरकत नाही. दोघांनी मिळून जा. काकूंना आधी विचारा, "काकू, कुंकू लावू ना?" त्या हो म्हणाल्या तर त्यांना पहिल्यांदा लावा, मग सुनेला, आणि मग पाकीट हातात द्या.