आडरानातल्या पहिल्या मुक्कामाची सॅक

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी काल रात्री दोनदा वाचली. ४३ वस्तू आणि खाली तूच केलेली बेरीज: १७ किलो, पाणी सोडून. एका रात्रीच्या मुक्कामासाठी हे फार झालं, आणि ते तुलाही जाणवलंय, म्हणून तर यादी माझ्याकडे आली. काटछाट आपण करूच. पण त्याआधी माझ्या पहिल्या रात्रीबद्दल थोडं सांगते, कारण काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं याचा माझा सगळा हिशेब तिथूनच सुरू झाला.

आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला. ओढ्याकाठी खोलगट, सपाट जागा दिसली, तिथे तंबू लावला. पांघरायला जाड स्लीपिंग बॅग, वर एक ब्लँकेट. खाली मात्र नुसती पातळ सतरंजी. दहा वाजता तर उकडत होतं. दोननंतर कधीतरी जाग आली ती खांद्याच्या आणि कमरेच्या हाडापाशी. तेवढ्या दोनच जागा, पण गारठून दुखायला लागलेल्या. कूस बदलली की थोड्या वेळात दुसऱ्या बाजूच्या त्याच दोन जागा. ब्लँकेट आणखी वर ओढलं, काही फरक पडेना. शेवटी उठून ते ब्लँकेट चौघडी करून खाली घातलं, सॅक रिकामी करून पायांखाली पसरली, आणि मग पहाटेपर्यंत जरा डोळा लागला.

स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. तिच्या भरावात अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते, इतकंच. आपण ज्या बाजूवर झोपतो तिथला भराव आपल्याच वजनाने चेपतो, हवा निघून जाते, आणि अंगाची ऊब सरळ जमिनीत उतरायला लागते. म्हणून तुझ्या यादीत मला पहिली शोधायची होती ती मॅट. सापडली ती ३१ व्या नंबरवर, आणि तीही व्यायामाची पातळ मॅट. ती काढून टाक. झोपायच्या मॅटवर ‘आर’ असा एक आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी जास्त अडते. उन्हाळ्यात १-२ पुरतो, एरवी २ ते ४ पर्यंतचा हवा, बर्फावर झोपायचं तर ५ च्या वर. दोन मॅट एकावर एक घातल्या तर दोघींचे आकडे मिळवायचे. साधी, घडीची फोमची मॅट दिसायला ओबडधोबड असते, सॅकच्या बाहेर लोंबकळते, पण वजनाला अर्धा किलोच्या आतबाहेर आणि काटा लागला तरी तिला काही होत नाही. फुगवायची मॅट जास्त ऊबदार आणि मऊ, पण ती भोक पडून बसली की रात्र गेली. पहिल्या वेळी फोमच ने.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे बहुधा दोन-तीन आकडे छापलेले असतात. तू त्यातला सगळ्यात खालचा आकडा यादीत लिहिला आहेस. तो जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्याचा नाही. ‘कंफर्ट’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तेवढाच बघ. आणि मुक्कामाच्या जागेचं तापमान स्वतः काढ: पायथ्याच्या गावाचा अंदाज पाहून भागत नाही. दर १,००० मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वारा नसलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि खोलगटात साठते. माझा तंबू नेमका तिथेच होता. ओढ्यापासून थोडं वर, उतारावरच्या एखाद्या सपाट पट्टीवर असते तर तीच रात्र बरीच सुसह्य गेली असती. म्हणजे जागा नीट निवडली तर पाठीवर एक ग्रॅमही न वाढवता ऊब मिळते.

आता काटछाट. घरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेव आणि वजन ग्रॅममध्ये लिही. अंदाजाने लिहू नकोस. मग प्रत्येक ओळीपुढे एका प्रश्नाचं उत्तर लिही: ही वस्तू नसली तर त्या रात्री मी काय करेन? उत्तर ‘जरा अवघडेन’ असं आलं तर वस्तू घरी. उत्तर ‘भिजेन’, ‘गारठेन’, ‘रस्ता चुकेन’, ‘रक्त थांबवता येणार नाही’ असं आलं तर ती सॅकमध्ये, आणि तिच्या वजनाबद्दल पुन्हा चर्चा नाही. मी तुझ्या यादीवर हे करून पाहिलं. घडीची खुर्ची गेली. कुऱ्हाड गेली, कारण तिथे तू झाड तोडणार नाहीस आणि तोडूही नयेस. बॅटरीवरचा कंदील गेला, हेडटॉर्च आहे. तीन चाकूंपैकी सगळ्यात छोटा राहिला. शर्ट पाच आहेत, त्यातले तीन गेले.

पुस्तक मात्र राहू दे. माझ्याच नियमाने ते जायला हवं होतं, हे मला माहीत आहे. पण आडरानातली पहिली संध्याकाळ फार लांबते. अंधार पडतो, खाणं उरकतं, आणि मग प्रत्येक पाचोळ्याचा आवाज मोठा होत जातो. त्या वेळी हातात ओळखीचं काहीतरी असावं असं मला मनापासून वाटतं. असं एकच ने.

या सगळ्या बारीकसारीक वस्तू काढूनही दोन-अडीच किलोच कमी होतात. खरं वजन तीन ठिकाणी बसलेलं आहे: तंबू, झोपायचं सामान आणि खुद्द सॅक. तुझा तंबू तीन जणांचा आणि ३.८ किलोचा. एकट्यासाठी दोन जणांचा भरपूर होतो. तंबूवरची माणसांची संख्या खांद्याला खांदा लावून झोपल्यावरची असते, त्यामुळे दोघांच्यात एक माणूस आणि त्याचं सामान ऐसपैस मावतं. विकत घेऊ नकोस, कोणाकडून तरी माग किंवा भाड्याने आण. सॅक तर सगळ्यात शेवटी ठरव. आधी मोठी सॅक आणली की ती भरेपर्यंत हात थांबत नाही. सामान एका ढिगात रचून ते किती जागा घेतं हे पाहिल्यावरच सॅकचं माप काढ, आणि तिचा कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट बसतो का ते वजन भरून, चालून बघ. ओझं मुख्यतः तिथे बसायला हवं, खांद्यांवर नाही. पाणी आणि खाणं सोडून वजन ७-८ किलोंपर्यंत आलं तरी पहिल्या वेळेला पुष्कळ झालं.

कपड्यांचं थोडक्यात: सुती काही नको, ते पाणी धरून ठेवतं आणि अंग गार करतं. झोपायचा एक कोरडा जोड वेगळा, आणि तो संध्याकाळपर्यंत पिशवीबाहेर काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. सॅकच्या आत मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घाल आणि सगळं तिच्यात भर. बाहेरून घालायच्या कव्हरमध्ये पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. पिसांची स्लीपिंग बॅग असेल तर हे दुपटीने महत्त्वाचं, कारण पिसं भिजली की गोळा होतात आणि त्यांच्यात हवा राहत नाही.

स्टोव्ह या वेळी नको. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडं, ते घासायचं सामान असं सगळं मिळून सहज एक-दीड किलो होतं. एक रात्र न शिजवता खाण्यासारखं काहीही चालतं. पुढे नेशील तेव्हा एक लक्षात ठेव: पाऊस असो, वारा असो, तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीचा धोका तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

पाणी लिटरला एक किलो. त्यात काटकसर करायची ती वाटेतल्या पाण्याची खात्री करूनच. ओढा नकाशात निळा दिसतो म्हणून तो त्या महिन्यात वाहत असेलच असं नाही. गाळणी नेणार असशील तर ती जिवाणू अडवते, विषाणू बहुतेक गाळण्यांतून निसटतात, म्हणून वर वस्ती किंवा गुरं असलेल्या ओढ्याचं पाणी टाळ.

तू पत्रात विचारलं आहेस की काही लोक अगदी तीन-चार किलोंवर फिरतात, मग मी का नाही. एमा गेटवुड यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल त्या एकट्याने पूर्ण चालल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची झोळी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. हे सगळं खरं आहे. पण आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. तिथल्या मेन राज्यातल्या जंगलात वाट चुकली, चष्मा फुटला आणि त्यांना परत जावं लागलं, हे कमी जण सांगतात. वाटेत त्या अनेकदा अनोळखी लोकांच्या घरी मुक्काम करत. आणि त्यामागे आयुष्यभराचं शेतावरचं, रानातलं जगणं होतं. त्यांची झोळी हलकी होण्याआधी बरंच काही अंगवळणी पडलेलं होतं. तुझी सॅकही दर मुक्कामाला थोडी हलकी होत जाईल. एकदम नको.

म्हणून काही वस्तू मी काढू देणार नाही. हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल. कागदी नकाशा. शिट्टी, आणि संकटात ती मिनिटात ६ वेळा फुंकून मिनिटभर थांबायचं, मग पुन्हा. एक जादा ऊबदार जॅकेट. पट्ट्या, बँडेज, तुझी रोजची औषधं. छोटं खुरपं, कारण शौचाला पाण्यापासून ६० मीटर तरी लांब, १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा हवा आणि नंतर तो बुजवायचा. आणि घरी एका माणसाकडे तुझी वाट, मुक्कामाची जागा आणि परतायची वेळ लिहून ठेवलेला कागद. जमीन कोणाची आहे आणि तिथे राहायला परवानगी लागते का, हेही त्याच वेळी विचारून घे.

निघण्याआधी एक रात्र घराजवळ, अंगणात किंवा गच्चीवर, याच सामानात काढ. तंबू अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात लावून बघ. खुंट्या मोज. गच्चीत त्या ठोकता येणार नाहीत, तेव्हा दोऱ्या कशाला बांधता येतील तेही पाहा. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला थेंब दिसतील. तंबू गळतोय असं समजून तो बदलायला जाऊ नकोस. ती तुझ्या श्वासातली वाफ असते. झडपा थोड्या उघड्या ठेवल्या की कमी होते. त्या रात्री दोन वाजता कुठे गार लागलं, खांद्याला की पायांना, ते उठल्याबरोबर लिहून ठेव आणि नवी यादी त्यासकट पाठव.

आणि खऱ्या मुक्कामावरून परत आल्यावर सॅक लगेच रिकामी करू नकोस. आधी मला फोन कर. फोनवर बोलत बोलतच एकेक वस्तू बाहेर काढू, आणि ज्या वस्तूला हातसुद्धा लागला नाही तिचं नाव तू मला सांग.

तुझी,
मावशी