2008 मध्ये जपानी बेसबॉल संघ हानशिन टायगर्सची 13 सामन्यांची आघाडी कशी गेली?

जुलैत टायगर्स सेंट्रल लीगमध्ये (जपानच्या दोन व्यावसायिक बेसबॉल लीगपैकी एक) योमिउरी जायंट्सच्या 13 सामने पुढे होते. मग ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक आलं. फटकेबाज ताकाहिरो आराई, कॅचर यानो आणि शेवटचा डाव सांभाळणारा पिचर फुजिकावा, तिघेही जपानच्या संघात. आराई तर कमरेचं हाड दुखावून परतला आणि मधल्या फळीतला दमच गेला. माझ्या मते हाच खरा घाव.

पण सगळा दोष टायगर्सना देणं अन्यायाचं ठरेल. जायंट्सनी सप्टेंबरमध्ये सलग 12 सामने जिंकले, रामिरेझने मोसमात 45 होमरन ठोकले. टायगर्स 82 विजय मिळवूनही 2 सामन्यांनी मागे राहिले. प्रशिक्षक ओकादांनी जबाबदारी घेऊन पद सोडलं, त्याचं आजही वाईट वाटतं.