मुंबईच्या खडकांवर पहिल्यांदा जाताना

खडकांवरचे समुद्रजीव बघायला जायचं तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धर. हाजी अलीजवळचे खडक उधाणाच्या, म्हणजे पाणी सगळ्यात खाली जातं त्या ओहोटीलाच खरे उघडे पडतात. मुंबईत ती साधारण सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, तरी भरतीचं वेळापत्रक बघच. तासभर आधी पोहोच, पाणी वळलं की मुकाट निघ.

स्लिपर नकोत, कालवांची धार पाय चिरते. डबक्यापाशी उकिडवा बस, सावली पाण्यावर पाडू नकोस. जरा थांबलास की 'रिकामा' शंख चालू लागतो, आत खेकडा असतो. समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, मात्र पाण्याबाहेर मिटून शिंपल्यांचे तुकडे चिकटलेला गोळा होतं. नवखे हमखास त्यावरच पाय देतात. नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख उचलायचा नाही, तो विषारी असू शकतो. दगड उलटलास तर होता तसाच ठेव.