खाणीचा गाळ आल्याच्या रानात शिरलाय, वीस हजार घेऊन सही करू का?

कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचा प्रश्न आहे. वर डोंगराच्या उताराला दगडाची खाण आणि क्रशर, खाली यांचं दीड एकर आलं. यंदा दोन मोठ्या पावसात खाणीतलं राखाडी पाणी बांध फोडून रानात घुसलं, सऱ्या गाळानं भरल्या, विहीर गढूळ झाली. खाणमालक म्हणतो पाणी देवाचं, वरनं खालीच येणार, तरी वीस हजार घ्या आणि "पुढं कसलीच तक्रार नाही" असं स्टॅम्पवर लिहून द्या. पुतण्या म्हणतोय जेसीबी लावून वरच्या अंगाला बांध घालू, पाणी त्याचं त्याच्याकडं जाऊदे.

दादा, सही करू नका आणि जेसीबी पण बोलवू नका.

खाणमालक अर्धं खरं बोलतोय, म्हणून तर ते ऐकायला बरोबर वाटतं. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टचं, म्हणजे शेजारच्या जमिनींच्या हक्कांच्या कायद्याचं, कलम ७ सांगतं की वरच्या जमिनीत पडलेलं पाणी आपसूक वाहत आलं तर खालच्यानं ते येऊ द्यायचं. सगळा खेळ त्या "आपसूक" शब्दावर आहे. यानं डोंगरावरची माती आणि झाडोरा काढला, मुरमाचा ढीग उताराला रचला, डंपरसाठी रस्ता कापला, त्यामुळं जे पाणी पूर्वी पसरून जिरत जिरत यायचं ते आता एका जागी गोळा होऊन क्रशरची डस्ट घेऊन तुमच्या बांधावर आदळतंय, हे देवाचं पाणी कसं राहिलं? त्याच कलमात तुमच्या रानातनं वाहणारं पाणी दुसऱ्यानं वाजवीपेक्षा जास्त घाण करू नये हाही तुमचा हक्क दिलाय, तो भाग मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

आता पुतण्याला समजवा. १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टचं कलम ५ असं आहे की शेतातनं नैसर्गिक वाहणारं पाणी अडवलं आणि नुकसान झालं तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावतात. तुमच्या बांधामुळं शेजाऱ्याच्या रानात पाणी तुंबलं तर तो तुमच्यावर जाईल आणि खाणवाला मजा बघत बसेल. उलट खाणीच्या ढिगानं ओढा बुजला असेल आणि म्हणून पाणी तुमच्याकडं वळलं असेल तर हेच कलम तुमच्या कामाचं, पण मुदत सहाच महिने, म्हणून ओढा वरपर्यंत चालत जाऊन एकदा बघून या.

खरी पकड कागदात आहे. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या केसमध्ये सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या, म्हणजे दगड-मुरूम-वाळूच्या, खाणीला पण पर्यावरण परवानगी लागते. त्या परवानगीच्या अटींत बहुतेक वेळा खाणीभोवती गारलँड ड्रेन म्हणजे चर, ढिगाच्या पायथ्याला दगडी भिंत, आणि पाणी बाहेर सोडण्याआधी सेटलिंग टँक असं लिहिलेलं असतं. टँक नुसता असून भागत नाही. रेती काही मिनिटांत खाली बसते पण बारीक चिकणा गाळ बसायला तासन् तास लागतात, कधी कधी दिवस, त्यामुळं मागच्या वर्षीचा गाळ जूनच्या आधी उपसला नाही तर टँक भरलेलाच असतो आणि पाणी वरच्या वर निघून तुमच्याकडं येतं. म्हणून माहिती अधिकारात जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडं खाणपट्टा आणि पर्यावरण परवानगी मागा, प्रदूषण मंडळाच्या सातारच्या ऑफिसात क्रशर चालवायला दिलेलं संमतीपत्र मागा, आणि परवानगीवाल्यानं दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा अटींच्या पालनाचा सहामाही रिपोर्ट तर न विसरता मागा. फी दहा रुपये, मुदत ३० दिवस. रिपोर्टात "चर खोदला" लिहिलंय आणि तुमच्या फोटोत चर नाही, तर अर्धी केस तिथंच झाली.

रान साफ करायची घाई होणार हे कळतंय, आल्यात पाणी तुंबलं की कंदकुज दम धरत नाही. पण आधी एक दिवस काढा. तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या, ते आले नाहीत तर गावातले दोन जाणते माणसं उभे करून स्वतः करा. गाळाची जाडी पाच-सहा ठिकाणी पट्टी लावून मोजा, पाणी आणि गाळ दोन-दोन बाटल्यांत भरून तारीख लिहून ठेवा, मग पाणी बाहेर काढा. फोटो काढलेला फोन विकू नका, मोबाइलचे फोटो पुरावा म्हणून द्यायचे तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणं सर्टिफिकेट जोडावं लागतं. आणि ई-पीक पाहणीत आलं नोंदवलंय ना? सात-बाऱ्यावर गव्हाची जुनी नोंद असेल तर समोरचा वकील विचारणारच, आलं होतं कुठं.

सध्याचं पाणी थांबवायला प्रांतांकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवायचा, अर्ज करा, आणि विहिरीसाठी प्रदूषण मंडळाकडं १९७४ च्या पाणी कायद्याची तक्रार करा. भरपाईला मात्र मी कोरेगावपेक्षा पुणं धरेन, पर्यावरणाच्या केसेस चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ तिथं आहे. दिवाणी कोर्टात गेलात की समोरचा हरित लवाद कायद्याचं कलम २९ काढून "हे लवादाचं काम" म्हणतो आणि दोन वर्षं त्यातच जातात. लवादात भरपाईला पाच वर्षांची मुदत आहे, नुसता आदेश हवा असेल तर सहा महिने, त्यामुळं दोन्ही हवं असेल तर दिवाळीची वाट बघू नका.

वीस हजारांची गरज असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण पावतीवर लिहा, "अमुक तारखेच्या पावसातल्या नुकसानीपोटी अंशतः", बस एवढंच. तो म्हणाला "पुढं तक्रार नाही" हे पण लिहा, तर चहा प्या आणि उठून या.