मांजराला घरचं जेवण: तुकडा चालेल, रस्सा नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहता, आठ महिन्यांची मनी आहे. सासूबाई तिला सकाळी दूध-पोळी आणि दुपारी वरणभात देतात, रविवारी चिकनच्या रश्श्यातला एखादा तुकडा भातात कालवून देतात. सहा महिने हेच चाललंय, मांजरी खेळतेय, मग पाकिटातलं महागाचं खाणं खरंच लागतं का, असं तुम्ही विचारलंय. वर सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या गावची मांजर दूधभातावर चौदा वर्षं जगली."

आधी सासूबाईंच्या मांजरीबद्दल बोलते, कारण त्या खोटं सांगत नाहीयेत. माझं माहेर निफाडकडचं. आमच्या मळ्यात कांद्याची चाळ होती आणि चाळीत कायम दोन-तीन मांजरं असायची. आजी त्यांना संध्याकाळी ताटलीभर दूध-भाकरी घालायची. आम्हाला वाटायचं, मांजरं त्यावरच जगतात. खरं जेवण रात्री चाळीखाली व्हायचं. उंदीर, सरडे, पाली, टोळ, कधी एखादी चिमणी. उंदीर म्हणजे मांजराचं पूर्ण ताट असतं. मांस, हाडांतला कॅल्शियम, काळीज, हृदय, शिवाय अंगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. आजीची दूध-भाकरी ही वरची जोड होती. तुमच्या मनीला तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून मिळणार? वाटीत जे पडेल तेवढंच तिच्या पोटात जाणार. गावची मांजर आणि फ्लॅटमधली मांजर यांच्यातला हा फरक सासूबाईंना असाच सांगून बघा. शेताशी नातं असलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

मांजर निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. ही आवडीनिवडीची गोष्ट नाही, तिच्या शरीराची घडणच तशी आहे. कुत्रा किंवा आपण गाजरातून जीवनसत्त्व अ तयार करतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसातून आणि माशांतूनच मिळतो, आणि हृदयाच्या मांसात भरपूर असतो. पोळी, भात, डाळ यांत तो नाही आणि दुधात अगदीच नाममात्र आहे. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि हृदयाचा स्नायू पसरून ढिला पडतो. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांचा हा हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो आणि टॉरिन दिलं की सुधारतो. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात त्याचं प्रमाण वाढवलं. हृदय सावरू शकतं, पण एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. हे सगळं व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून "सहा महिन्यांत काही झालं नाही" यावर विसंबू नका असं कळकळीने सांगते.

पोळीचा हिशेबही एकदा मांडून बघा. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. एका मध्यम पोळीत शंभरच्या वर असतात. म्हणजे एक पोळी खाल्ली की तिची निम्मी भूक संपली, आणि तिला हवं असलेलं जवळजवळ काहीच मिळालं नाही. पोळी किंवा भात विष नाही. चमचाभर खाल्ल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पोट त्यानेच भरल्यामुळे.

दुधाचंही तसंच. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून पातळ शी होते, वास येतो, आणि आपण लिटरला, म्हणजे तिच्या शी-शूच्या वाळूला, दोष देत बसतो. मनीला त्रास होत नसेल तर चमचा-दोन चमचे लाड म्हणून ठीक. चमचाभर ताजं, गोड दही अनेकींना जास्त सोसतं. पण पाण्याच्या जागी दूध नको, जेवणाच्या जागी तर नकोच.

आता रश्श्यावर येते. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच.

कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत. कच्चे, शिजलेले, तळलेले, वाळवलेले, पूड केलेले, सगळे. शिजवल्याने विष जात नाही. त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत आपल्यापेक्षाच काय, कुत्र्यापेक्षाही नाजूक असतं. वजनाच्या दर किलोला पाच ग्रॅम कांदा रक्तात बिघाड करायला पुरतो. तीन किलोच्या मनीसाठी हे झाले पंधरा ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा सहावा-सातवा भाग. लसूण त्याहून तीव्र. आणि थोडं थोडं रोज गेलं तरी नुकसान साचत जातं.

आपल्याकडचा रस्सा कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. कांदा-खोबरं भाजून वाटण, आलं-लसूण, वर काळा मसाला. नाशिक जिल्ह्यात तर कांद्याशिवाय घर चालत नाही, लासलगावचा बाजार आपल्या दारात. चाळीत जन्म काढलेली आमची मांजरं कांद्याला तोंड लावायची नाहीत, पायरीसारखा वापर करून त्यावर बसायची. मांजर आपण होऊन कांदा खात नाहीच. चिकनच्या वासाआडून रश्श्यातला कांदा आपणच तिला खाऊ घालतो.

हे मी २०११ साली स्वतःच्या घरात पाहिलंय. आमचा बोका बंड्या, साडेचार किलोचा, धडधाकट. घरात कार्य होतं, चार-पाच दिवस पाहुण्यांसाठी रोज रस्सा व्हायचा आणि त्याला रोज रस्सा-भात मिळायचा. पाहुणे गेल्यावर तो कपाटाखाली जाऊन बसला. खेळ बंद, श्वास भरभर. लघवी चहासारखी गडद. पंचवटीतल्या ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी आधी त्याचा ओठ वर केला. हिरडी कागदासारखी पांढरी. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी विचारलं, "कांदा काय काय खाल्लाय याने?" मी म्हटलं, मांजर कांदा कशाला खाईल? मग त्यांनी घरात काय शिजलं ते एकेक विचारलं आणि मला रडू फुटलं. सलाईन, ऑक्सिजन, औषधं, तीन आठवडे. बंड्या वाचला, पुढे आठ वर्षं जगला. पण तो उतारा पडेपर्यंतचे दिवस मी विसरलेले नाही, म्हणूनच इतकं लांब लिहितेय.

हे त्रास खाल्ल्या खाल्ल्या दिसत नाहीत, काही दिवसांनी उमटतात. हिरड्या फिकट किंवा पिवळसर, गडद लघवी, धाप, सुस्ती. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरी उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका, त्याने जिवाला वेगळाच धोका होतो. तयार सूपची पाकिटं, चिकन क्यूब, मसाला चिप्स यांतही कांदा-लसणाची पूड असते, तीही दूर ठेवा. तुकडा रश्श्यातून काढून नळाखाली धुऊन देतात काही जण. मसाला आतपर्यंत मुरलेला असतो, तसंही देऊ नका. मीठ-हळद लावायच्या आधी दोन तुकडे वेगळे काढा आणि नुसत्या पाण्यात शिजवा. एवढं केलं तर प्रश्नच मिटतो.

तो तुकडा बिनहाडाचा असू द्या. शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन घशात किंवा आतड्यात रुततं. उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका, कोमट करून तिलाच द्या. पाणी पोटात जाण्याचा तो छान मार्गही आहे. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपासच असतं आणि मांजरांची तहान मुळात कमी, त्यांचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तीन-चार ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेवा. घरात बोका असेल आणि तो लिटरमध्ये बसून कुंथतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

कच्चं चिकन देऊ का, हेही बरेच जण विचारतात. माझं उत्तर नाही. कच्च्या मांसातला साल्मोनेला जंतू हे जुनं कारण आहेच. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लू सापडल्यापासून तर मी कच्च्या चिकनचा थेंबही सांडू देत नाही. कच्चा मासाही नको. काही माशांतल्या घटकामुळे ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं, मग मान खाली पडते, झटके येतात. उकडलेला, काटे काढलेला मासा चालतो. सुकट-बोंबील फार खारट. कलेजी आठवड्यातून एखाद्या वेळी सुपारीएवढी. रोज दिली तर जीवनसत्त्व अ साचून मणक्याची हाडं जखडतात. उकडलेल्या अंड्याचा चौथा हिस्सा उत्तम.

मग रोज नुसतं उकडलेलं चिकनच दिलं तर? तेही नाही. ओळखीच्या एका घरात पिल्लाला चार महिने फक्त बिनहाडाचं चिकन दिलं होतं. सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, त्यामुळे वाढत्या पिल्लाचं शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढून घेतं. घरी संपूर्ण आहार बनवता येतो, पण त्यासाठी पशुवैद्यकाकडून मापं घ्यावी लागतात, टॉरिन आणि कॅल्शियम वरून घालावं लागतं. इंटरनेटवरच्या पाककृतींवर विसंबू नका.

द्राक्षं आणि बेदाणे. हंगामात आपल्या प्रत्येक घरात पेटी असते. कुत्र्यांची मूत्रपिंडं यांनी निकामी होतात. मांजरांच्या नोंदी कमी आहेत, पण डॉक्टर त्यांनाही देऊ नका असंच सांगतात. मांजराला गोड चव कळत नाही, त्यामुळे ती द्राक्षाच्या मागे लागणार नाही. पण तुपातल्या शिऱ्याची वाटी चाटताना बेदाणा जाऊ शकतो, तेवढं बघा. चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, आंबवलेलं कच्चं पीठ, फरसाण, पापड, लोणचं हे सगळं बंद. आणि खाण्यात येत नसलं तरी सांगते, तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीने जीव जातो.

तर मनीचं ताट माझ्या मते असं. दिवसाच्या खाण्यातला नव्वद टक्के वाटा मांजराचं तयार खाणं. पाकिटावर संपूर्ण आणि संतुलित आहार असं लिहिलेलं हवं आणि वर्षाची होईपर्यंत ते पिल्लांसाठीचं हवं. महागड्या ब्रँडचाच हट्ट नको. कुत्र्याचं स्वस्त पडतं म्हणून तेही आणू नका, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेल याची खात्री नसते. उरलेल्या दहा टक्क्यांत सासूबाईंचे लाड. पंधरा ग्रॅम उकडलेलं चिकन म्हणजे पंचवीस कॅलरी, एवढ्यात ते बसतात. श्रावणात घरात मांस-मच्छी बंद असेल तर मनीचं पाकिटाचं खाणं बिनधास्त चालू ठेवा. बाहेरून आलेलं सुकं खाणं आहे, वेगळी वाटी, वेगळी जागा. आमच्या शेजारचं शुद्ध शाकाहारी घर गेली सहा वर्षं असंच करतं.

बदल एका दिवसात करू नका. पहिले दोन दिवस जुन्या खाण्यात चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, आणि सात ते दहा दिवसांत पूर्ण. आणि एक गोष्ट अगदी ठासून सांगते: "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. कुत्र्याला चालतं, मांजराला नाही. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. नवं नाकारलं तर कोमट पाणी घालून वास येऊ द्या, वर चिकनचं पाणी शिंपडा. चोवीस तास तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

सासूबाईंच्या हातातून वाटी काढून घेऊ नका. त्यांना माया आहे म्हणून त्या घालतात. मोजून दिलेलं पाकिटाचं खाणं त्यांच्याच हाताने वाटीत जाऊ द्या, आणि मसाला पडायच्या आधीचे रविवारचे दोन तुकडे काढून ठेवायचं काम त्यांच्याकडेच द्या. आमच्या घरी हे काम आईंनीच घेतलं होतं. बंड्याच्या आजारपणानंतर पातेल्यात कांदा पडायच्या आधी "अगं, त्याचं काढलंस का?" असा त्यांचाच आवाज यायचा.

आज संध्याकाळी उजेडात मनीचा वरचा ओठ हळूच वर करून हिरडी बघा. गुलाबी असेल तर उद्यापासून पाकिट सुरू करा आणि लसीकरणाला जाल तेव्हा सहा महिन्यांत काय काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगून डोळे आणि हृदय तपासून घ्या. फिकट वाटली तर थांबू नका, आजच न्या. काय दिसलं ते इथे लिहा, मी रात्री बघते.