संरक्षित वास्तूशेजारचे घर

प्रश्न : डभईच्या हिरा भागोळ या संरक्षित जुन्या वेशीच्या दरवाजापासून ८० मीटरवर आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याचे छप्पर बदलता येईल का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : येईल, मात्र परवानगी घेऊनच. १९५८च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्यापुढील २०० मीटरांत नवे बांधकामही परवानगीने करता येते. अंतर मात्र दरवाजापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजावे. घर १६ जून १९९२पूर्वीचे असल्याचे कागद जरूर जोडा. १७३१ साली बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई याच परिसरात झाली, म्हणून ही भागोळ आम्हांलाही फार जवळची वाटते.